बायपासची नळी पुन्हा अरुंद होते तेव्हा
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर दर वेळी मी बेणेप्रक्रिया, हुमणी, ठिबक किंवा खोडव्याची निगा याविषयी लिहीत असतो. या अंकासाठी खोडव्यातील पाचट कुजविण्याचा विषय ठरला होता. तो पुढच्या अंकात घेऊ. या खेपेस जरा वेगळ्या विषयावर लिहिण्याची परवानगी मी संपादक मंडळाकडे मागितली आणि त्यांनी ती दिली.

ऊस नोंदणीसाठी गावोगाव फिरताना आता जवळजवळ प्रत्येक गावात एखादा तरी सभासद असा भेटतो, की ज्याच्या सदऱ्याच्या वरच्या गुंडीतून छातीवरचा उभा व्रण दिसतो. धोतर किंवा पायजमा वर खोचलेला असेल तर पोटरीच्या आतल्या बाजूला दुसरा लांब व्रण दिसतो. बायपास झालेली ही माणसे. त्यांच्याशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते : "आता काही चिंता नाही साहेब, मशीन नवीन बसवून आलो." आमचे बाबाही हेच म्हणायचे, आणि आम्ही घरच्यांनीही ते खरे मानले होते.

मी डॉक्टर नाही. कृषी पदविका घेतलेला शेतकी खात्याचा माणूस आहे. पण नागपूरच्या एका रुग्णालयात अकरा दिवस बाकावर बसून जे समजून घ्यावे लागले, ते आधी समजले असते तर बरे झाले असते. म्हणून हे लिहीत आहे.

बाबांची बायपास २०१४ साली झाली. तीन ठिकाणी जोड दिले होते. एक जोड छातीच्या आतल्या धमनीचा आणि दोन पायातून काढलेल्या शिरेचे. सहा महिन्यांत ते वावरात जाऊ लागले, वर्षभराने मोटारसायकल चालवू लागले. पुढच्या वर्षी तपासणीत कोलेस्टेरॉलचा आकडा चांगला आला, तेव्हा त्यांनी ती गोळी बंद केली. आकडा गोळीमुळेच चांगला आला होता, हे ना त्यांच्या ध्यानात आले ना माझ्या. युरिया दिल्यावर ऊस हिरवा झाला म्हणून जमिनीत नत्र भरपूर आहे असे कोणी समजावे, तसा हा प्रकार. पुढे कुणीतरी पारावर सांगितले, की रक्त पातळ करणाऱ्या गोळीने पोटात जखम होते. मग तीही सुटली. डबीतला खर्रा मात्र सुटला नाही.

२०२४ च्या जानेवारीत, ऐन गाळप हंगामात, कालव्यापलीकडच्या वावरात जाताना ते वाटेत दोनदा धुऱ्यावर टेकू लागले. मी विचारले तर म्हणाले, "काही नाही होऊन राहिलं बाप्पा, पित्त आहे." मी पित्ताची गोळी आणून दिली. त्या दिवसांत तोडणीच्या टोळ्या कमी, वाहने कमी, सभासदांचे फोनवर फोन, आणि मी सकाळी सहाला घर सोडायचो. हंगाम आटोपला की नागपूरला दाखवून आणू, असे ठरले. सभासदाच्या वावरात शेवटच्या पाच ओळी पिवळ्या दिसल्या तर मी त्याच दिवशी गाडी थांबवून उपनळी तपासायला लावतो. घरात मात्र तीन आठवडे गेले. फेब्रुवारीत एका रात्री त्यांना दरदरून घाम फुटला, श्वास पुरेना. पुसदहून यवतमाळ आणि यवतमाळहून नागपूर, असा प्रवास आम्ही केला. तो कसा केला ते लिहीत नाही.

नागपूरला पहिला प्रश्न आला : "ऑपरेशनचा कागद कुठे आहे? कोणत्या धमनीला कोणती नळी जोडली होती?" आमच्याकडे उत्तर नव्हते. २०१४ ची फाईल माईने पत्र्याच्या पेटीत ठेवली होती आणि पेटीत वाळवी शिरली होती. डॉक्टर काही बोलले नाहीत. पण कागद नसल्याने जोडलेल्या नळ्यांची तोंडे शोधत बसावे लागले, त्यात वेळ गेला आणि रंगद्रव्यही जास्त लागले. हे रंगद्रव्य मूत्रपिंडातून बाहेर पडते. ज्याला मधुमेह आहे किंवा ज्याचे मूत्रपिंड आधीच थकलेले आहे, त्याला ते जितके कमी द्यावे लागेल तितके बरे.

तपासणीत असे निघाले : छातीतील धमनीचा जोड दहा वर्षांनंतरही साफ होता. पायाच्या शिरेचा एक जोड पूर्ण बंद पडलेला होता, आणि तो कधी बंद पडला हे कुणालाच कळले नव्हते. दुसरा जोड मधोमध ऐंशी टक्के अरुंद झाला होता. हृदयाचा मोठा भाग त्या उरलेल्या वीस टक्क्यांवर चालला होता.

शीर आणि धमनी यांतील फरक

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. मी ते माझ्या पद्धतीने सांगतो, म्हणजे आपल्यालाही पटेल.

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते दोन-चार मिलिमीटर जाडीच्या धमन्यांतून. आपल्या ठिबकची उपनळी सोळा मिलिमीटरची असते, त्यावरून अंदाज करावा. या धमन्यांत चरबीचे थर साचून त्या अरुंद झाल्या, की अडथळ्याच्या पुढे बाजूने नवी नळी जोडून रक्त पोचवतात. हीच बायपास. त्यासाठी नळी रुग्णाच्याच शरीरातून घेतात. घोट्यापासून जांघेपर्यंत पायाच्या आतल्या बाजूने जाणारी लांब शीर त्यासाठी सोयीची असते. ती लांब मिळते, आणि ती काढली तरी पायातील खोलवरच्या शिरा काम सांभाळून घेतात.

शिरेत झडपा असतात. रक्त खालून वर हृदयाकडे जावे, मागे येऊ नये, यासाठी निसर्गाने केलेली ती सोय. विहिरीवरच्या पाइपात आपण नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतो, अगदी तसेच. म्हणून शीर जोडताना ती सहसा उलटी करून जोडतात, नाहीतर झडप प्रवाहाला आडवी येईल. मला ही गोष्ट फार आवडली.

अडचण आहे ती दाबाची. शीर ही कमी दाबाची नळी. तिची भिंत पातळ. धमनीत मात्र वरचा रक्तदाब एकशेवीसच्या आसपास, आणि तोही दर ठोक्याला धक्के देणारा. अडीच किलोचा पाइप सहा किलोच्या लाइनीवर जोडावा तसे हे होते. आपला पाइप अशा वेळी फुटतो. शीर जिवंत असते, ती फुटत नाही. ती आतून आपली भिंत जाड करू लागते. भिंत जाड झाली की आतली पोकळी कमी होते. पहिल्या महिन्यात नळी बंद पडली तर बहुतेक वेळा गुठळीने पडते. त्यानंतर वर्षभरात अरुंद झाली तर ती या जाड होणाऱ्या भिंतीमुळे. आणि पुढील वर्षांत, जुन्या धमन्यांत जो चरबीचा रोग झाला होता तोच या नव्या नळीत होतो. नळीतला हा थर जुन्या धमनीतल्या थरापेक्षा भुसभुशीत असतो, लवकर सुटून वाहू लागतो. याचा संबंध उपचाराशी पुढे येईल.

आकडे सांगायचे तर शिरेच्या जोडांपैकी शंभरात दहा-पंधरा जोड पहिल्या वर्षातच बंद पडतात. दहा वर्षांनी साधारण निम्मे जोड बंद किंवा बरेच अरुंद झालेले असतात. छातीतील धमनीचा जोड याच्या अगदी उलट वागतो. दहा वर्षांनी शंभरातले नव्वदहून अधिक चालू असतात. ती मुळातच जास्त दाबाची नळी आहे. म्हणून हृदयाच्या समोरच्या मुख्य धमनीला शल्यविशारद शक्यतो तीच जोडतात. मग सगळीकडे तीच का वापरत नाहीत, असे मी विचारले. उत्तर सोपे होते : छातीत त्या दोनच असतात आणि त्यांची लांबी मर्यादित असते. काही ठिकाणी हाताच्या मनगटाकडची धमनीही वापरतात.

शिरेच्या बायपासचे श्रेय रेने फावालोरो यांना जाते. हा अर्जेंटिनाचा माणूस. मोठ्या शहरात जम बसविण्याऐवजी हे गृहस्थ बारा वर्षे एका खेड्यात डॉक्टरकी करत होते, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावासारख्या, शेतकऱ्यांच्या वस्तीत. १९६२ साली ते अमेरिकेत क्लीव्हलंडला गेले. तेथे मेसन सोन्स यांनी १९५८ साली हृदयाच्या धमन्यांत रंगद्रव्य सोडून त्यांचे चित्र घेण्याची रीत काढली होती. ती चित्रे तासन्‌तास पाहून मे १९६७ मध्ये फावालोरोंनी पायाची शीर वापरून ही शस्त्रक्रिया केली, आणि काही वर्षांनी सगळे सोडून पुन्हा आपल्या देशात परतले. ज्या नळीवर आमचे बाबा दहा वर्षे जगले, ती वापरण्याची रीत एका खेडुतांच्या डॉक्टरने रूढ केली, हे मला अकरा दिवसांत कुठेतरी वाचायला मिळाले आणि थोडे बरे वाटले.

मोठ्या माणसांनाही हे चुकलेले नाही

आपल्याला १ जुलै २००६ आठवत असेल. त्या दिवशी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले होते. त्या पॅकेजमधून कुणाला काय मिळाले याची चर्चा इथे नको. सांगायचे ते हे, की त्यांची पहिली बायपास १९९० साली इंग्लंडमध्ये झाली होती. पुढे त्यांना अँजिओप्लास्टीही करावी लागली. जानेवारी २००९ मध्ये त्यांना पुन्हा त्रास होऊ लागला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अँजिओग्राफी झाली, अनेक ठिकाणी अडथळे निघाले, आणि २४ जानेवारीला त्यांची दुसरी बायपास झाली. ती करण्यासाठी मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रमाकांत पांडा आपल्या सहकाऱ्यांसह दिल्लीला गेले होते. पांडा हेही क्लीव्हलंडला शिकून आलेले. पाच नवे जोड घातले. त्या वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला पंतप्रधान येऊ शकले नाहीत. पण मे महिन्यात त्यांनी दुसऱ्यांदा पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि पुढे २०२४ च्या डिसेंबरपर्यंत, वयाच्या ब्याण्णव वर्षांपर्यंत जगले. त्यांना मधुमेहही होता.

दुसरी बायपास पहिलीसारखी सोपी नसते, हे मात्र लक्षात ठेवावे. छातीचे हाड एकदा कापून जोडलेले असते, आतले भाग एकमेकांना चिकटलेले असतात, आणि चालू असलेली जुनी नळी नेमकी हाडामागे असेल तर उघडतानाच तिला इजा होण्याची भीती. त्यामुळे आता डॉक्टर आधी तारेने आणि स्टेंटने काम भागते का ते पाहतात.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांचे तसेच झाले. २००४ साली त्यांना चार जोडांची बायपास करावी लागली. फेब्रुवारी २०१० मध्ये छातीत अस्वस्थ वाटू लागले तेव्हा तपासले, तर एक जोड पूर्ण बंद. डॉक्टरांनी त्या बंद नळीच्या नादी न लागता जिला बायपास केले होते ती मूळची धमनीच उघडली आणि तिच्यात दोन स्टेंट बसवले. नवी चारी बुजली आणि जुना पाट साफ करता येण्यासारखा असेल तर पाटच साफ करावा, असा हा हिशेब. आजही डॉक्टरांचा पहिला विचार हाच असतो : मूळची धमनी उघडता येते का?

बाबांच्या बाबतीत ती उघडता येण्यासारखी नव्हती. फार वर्षांपासून बंद, चुना साचून कडक झालेली. म्हणून अरुंद झालेल्या शिरेतच स्टेंट बसवायचे ठरले. इथे तो भुसभुशीत थर आडवा येतो. फुगा फुगवताना त्याचे कण सुटतात आणि पुढच्या बारीक वाहिन्यांत जाऊन अडकतात. मोठी नळी मोकळी होते आणि तरीही स्नायूला रक्त मिळत नाही. त्यासाठी अडथळ्याच्या पुढे छत्रीसारखी एक बारीक जाळी उघडून ठेवतात, काम झाल्यावर तिच्यात अडकलेल्या कणांसह ती मिटून बाहेर काढतात. ठिबकला जाळीचा फिल्टर लावल्याशिवाय मी कुणाचे अनुदानाचे कागद पुढे पाठवत नाही, त्यामुळे हे मला लगेच समजले. काम झाल्यावर डॉक्टरांनी ती जाळी मला दाखवली. तिच्यात पिवळसर कणी अडकली होती, मोहरीच्या दाण्याच्याही निम्मी.

पूर्ण बंद पडलेल्या दुसऱ्या नळीला त्यांनी हात लावला नाही. जुनी, पूर्ण बंद नळी सहसा उघडत नाहीत. उघडली तरी ती टिकत नाही आणि आतला गाळ पुढे जाण्याचा धोका मोठा. तेव्हा जे करायचे ते नळी अरुंद असताना करायचे असते. आमच्याकडे दोन नळ्या होत्या, त्यांतली एक वेळेत सापडली.

ओळखावे कसे

नळी निम्मी अरुंद झाली तरी बसल्या जागी काही कळत नाही. साधारण सत्तर टक्क्यांच्या पुढे गेली की श्रम करताना जाणवू लागते. पावसाळ्यात अर्धवट चोंदलेल्या ठिबकवरही ऊस हिरवागार दिसतो, खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते, त्याच न्यायाने. चढावर, जेवणानंतर चालताना, ओझे उचलताना छाती भरून येणे, जबडा, खांदा किंवा डावा हात दुखणे, आणि थांबले की पाच मिनिटांत बरे वाटणे, ही खूण. पित्ताचा त्रास चालण्याने वाढून थांबल्याने जात नाही. बाबा धुऱ्यावर टेकायचे आणि मग बरे वाटायचे, इथेच आम्ही ओळखायला हवे होते. मधुमेही माणसाला पुष्कळदा छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो किंवा कारण नसताना थकवा येतो. ज्याची बायपास झाली आहे त्याला असा नवा दम लागू लागला, तर वयाचे कारण देऊन घरात बसवू नये.

आधी ई. सी. जी. काढतात. तो बसल्या जागी चांगला येऊ शकतो, म्हणून "ई. सी. जी. नॉर्मल आला" एवढ्यावर समाधान मानून परत येऊ नये. झटक्याची शंका असेल तर ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी करतात. एकोमध्ये हृदयाच्या स्नायूचा कोणता भाग मंद हलतो ते दिसते. चालत्या पट्ट्यावर चालवून श्रमाखाली ई. सी. जी. काढतात, ती स्ट्रेस टेस्ट. नळीच पाहायची असेल तर सी. टी. अँजिओग्राफी. हातातून रंगद्रव्य देऊन यंत्रातून चित्र काढतात, काही मिनिटांत होते. बायपासच्या नळ्या मूळच्या धमन्यांपेक्षा रुंद असतात आणि हृदयाबरोबर कमी हलतात, त्यामुळे या तपासणीत त्या चांगल्या दिसतात. आणि शेवटची, खात्रीची, ती तारेची अँजिओग्राफी, मनगटातून किंवा जांघेतून. तिचा फायदा असा, की अडथळा सापडला तर पुष्कळदा त्याच बैठकीत फुगा आणि स्टेंटचे काम होते.

त्रास काहीच नसताना दरवर्षी सी. टी. करून घ्यावी, असे मात्र डॉक्टर सांगत नाहीत. काहीजण पाच वर्षांनंतर एखादी स्ट्रेस टेस्ट सुचवतात. आपल्या डॉक्टरांना विचारावे.

एक पोटविषय. आपल्या काही सभासदांची बायपास पायाची झालेली आहे. बिडी-तंबाखूने किंवा मधुमेहाने पायाची धमनी बंद झाली, की तिथेही शीरच जोडतात. ही रीत हृदयाच्या आधीची, पॅरिसच्या जाँ कुनलाँ यांनी १९४८ साली सुरू केलेली. ती नळीही पहिल्या एक-दोन वर्षांत अरुंद होऊ शकते. तिची तपासणी सोपी : रंगीत डॉपलर सोनोग्राफी. ना सुई, ना रंगद्रव्य. पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी जोराने उडते. नळी जिथे अरुंद होते तिथे रक्ताचा वेग तसाच वाढतो, आणि यंत्र तो वेग मोजते. मागच्या भागापेक्षा वेग साडेतीन पटींहून वाढला तर अडथळा गंभीर धरतात आणि फुग्याने रुंद करतात किंवा तेवढ्या भागाला शिरेचे ठिगळ लावतात. घोट्याचा रक्तदाब हाताच्या रक्तदाबाशी ताडून पाहणे ही दुसरी साधी तपासणी. पायाची बायपास झालेल्यांनी ठरलेल्या तारखांना डॉपलरसाठी जावे. पाय दुखत नाही म्हणून तारीख सोडली, असे सांगणारे दोघेजण मला याच हंगामात भेटले.

गोळ्या आणि कागद

अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी बायपासनंतर बहुतेकांना जन्मभर असते. पोटाचा त्रास होत असेल तर डॉक्टर त्याला जोडून पोटाची गोळी देतात किंवा औषध बदलतात. पारावर बसून बंद करायची ती गोष्ट नव्हे. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी आकडा बरोबर आला तरी चालूच ठेवायची असते. अशा रुग्णांचे वाईट कोलेस्टेरॉल, ज्याला एल. डी. एल. म्हणतात, ते सत्तरच्या खाली, आणि आता बरेच डॉक्टर पंचावन्नच्या खाली ठेवायला सांगतात. प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली मर्यादा निरोगी माणसासाठी असते, हेही मला तिथेच कळले. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ करणारी दुसरी गोळी जोडीने सहा महिने ते वर्षभर देतात. ती मध्येच सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन एका तासात होत्याचे नव्हते होऊ शकते. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे. बिडीविषयी काय सांगावे? खर्ऱ्याविषयी मात्र सांगतो, कारण आपल्याकडे "धूर नाही, मग काय होते" असे म्हणतात. त्यातली तंबाखू रक्तात जातेच.

खर्चाचे आता पूर्वीइतके भय राहिलेले नाही. औषधी थर लावलेल्या स्टेंटची किंमत २०१७ साली सरकारने तीस हजारांच्या आत आणली होती. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेल्या योजनेत, जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि स्टेंट व बायपास दोन्ही तिच्या यादीत आहेत. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्यावे, रुग्णालयात शिरल्याबरोबर आरोग्यमित्राची खिडकी विचारावी. रुग्णालय योजनेत आहे किंवा नाही हे १५५३८८ या क्रमांकावर आधी कळते. छातीत दुखणे काही मिनिटांत थांबले नाही, घाम आला, तर १०८ ला फोन करावा आणि जिथे ई. सी. जी. निघतो त्या सर्वांत जवळच्या ठिकाणी न्यावे. नागपूर, नांदेड, सावंगी हे नंतर ठरवावे. आम्ही तेही उलट केले होते.

आणि कागद. बायपास झालेल्या प्रत्येक सभासदाने ऑपरेशनची नोंद, म्हणजे कोणती नळी कुठे जोडली याचा कागद, आणि अँजिओग्राफीची सी. डी. जपून ठेवावी. सुट्टीच्या कागदात ही नोंद नसेल तर रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून मागून घ्यावी. त्याचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये असू द्यावा. बाबांचा नवा कागद आता सातबारा, आठ-अ आणि कारखान्याच्या शेअर सर्टिफिकेटच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात आहे. माईने त्यात कडुनिंबाचा पाला घातला आहे, वाळवीला भिऊन.

बाबा सध्या कालव्यापलीकडच्या वावरात जाऊन येतात, सावकाश. खर्रा बंद आहे असे ते सांगतात. गोळ्यांची वाराप्रमाणे खणांची डबी आणली आहे आणि रविवारी ती भरण्याचे काम माझे. या हंगामात दोन रविवार चुकले, तेव्हा त्यांनीच फोन करून आठवण दिली.

ज्या सभासदांना आपल्या कागदांविषयी किंवा योजनेविषयी विचारायचे असेल, त्यांनी शेतकी विभागात माझ्या टेबलाशी यावे. मला जेवढे माहीत आहे तेवढे सांगेन, बाकी डॉक्टरांना विचारू. पाचटाचा लेख पुढच्या अंकात.